पिवळा साका : राबणारा की साक्ष देणारा?

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम फॉस्फेटचे थेंब सोडले की पिवळाधमक साका खाली बसतो. तो साका म्हणजे सिल्व्हर फॉस्फेट : चांदीचे तीन आयन आणि फॉस्फेटचा एक. वजनाने पाहिलं तर त्यात ७७ टक्के चांदी, १५ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला सात-साडेसात टक्के फॉस्फरस. एवढ्याशा पदार्थावरून एका मामा-भाचीची जुंपली. मामा आदिलाबादचे, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, सोयरे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या जीवाश्मांचा त्यांना भारी नाद. भाची पुण्यात मटेरियल्स सायन्समध्ये संशोधन करते. हे दोघे आणि त्यांचा वाद कल्पित आहे. त्यात येणारी रसायनं, संशोधक आणि गावं खरी आहेत.

भाची : मामा, तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत या साक्याचं काम ‘फॉस्फेट आहे’ एवढ्या दोन शब्दांत संपतं. खरी गंमत तिथून पुढे आहे. २०१० मध्ये जपानच्या त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय मटेरियल्स सायन्स संस्थेतल्या झिगुओ यी, जिनहुआ ये आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवून दिलं, की हा पदार्थ दृश्य प्रकाशाच्या जोरावर पाण्यातून ऑक्सिजन काढतो. क्वांटम कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत! त्याआधीचे आकडे याच्या फार खाली होते.

मामा : त्या पाण्यात काय विरघळवलं होतं, तेही सांग ना.

भाची : सिल्व्हर नायट्रेट.

मामा : मग पुरा हिशोब मांड. उजेड पडला की स्फटिकातला इलेक्ट्रॉन वर उठतो आणि मागे पोकळी राहते. पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि ऑक्सिजन सुटतो. पण वर उठलेला इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यायला पाहिजे. तो घेतला द्रावणातल्या चांदीने. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चांदीचे चार आयन धातू होऊन बसले. म्हणजे ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळवायला ४३० ग्रॅम चांदी खर्ची पडली. बैल किती नांगरतो तेवढंच सांगतेस पोरी. कडबा किती खातो, तेही सांगत जा.

भाची : तो प्रयोग पदार्थाची ताकद मोजण्यासाठी होता, ऑक्सिजनचा कारखाना काढण्यासाठी नव्हे. मर्यादाही मान्य आहे : यातला इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन काढण्याइतका जोरकस नसतो. पण पोकळीची ऑक्सिडीकरणाची ताकद जबर आहे. आणि मुख्य मुद्दा उजेडाचा. सगळीकडे वापरला जाणारा टिटॅनियम डायऑक्साइड घ्या. त्याचं ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उठायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून त्याला अतिनील किरणच लागतात, आणि उन्हात ते चार-पाच टक्के. सिल्व्हर फॉस्फेटचं अंतर २.४ च्या आसपास. ५३० नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा, निळा आणि थोडा हिरवा प्रकाश तो शोषतो. त्यामुळेच तर तो आपल्याला पिवळा दिसतो. मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याच्या निळ्या पाण्यात चिमूटभर टाकून दिवा लावला, तर काही मिनिटांत निळेपणा उतरतो. विदर्भ-तेलंगणातल्या उन्हाला कामाला लावणारा पदार्थ आहे हा.

मामा : ऊन आहे, पण रंगाचं पाणी कुठे आहे? आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस येतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी गाडीत भरून बाहेर जातात. रंगाई इथे होतच नाही.

भाची : त्याच गाठींचं सूत सोलापुरात, इचलकरंजीत रंगतं. तिथलं पाणी नदीकडेच जातं ना? इथला कापूस तिथली नदी रंगवतो, मग हा प्रश्न इथला नाही कसा?

मामा : बरं, गाठ तुझी, नदीही तुझी. आता विद्राव्यता बघ. साका म्हणजे अविद्राव्य, असं आपण मुलांना सांगतो, पण ते सोयीपुरतं. हँडबुकात सिल्व्हर फॉस्फेटची विद्राव्यता दिली आहे लीटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातली चांदी झाली पाच मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा आहे लीटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे निव्वळ विरघळण्यातूनच मर्यादेच्या पन्नासपट चांदी पाण्यात उतरली. रंग गेला, चांदी आली. अन् ती चांदी पाण्यातल्या जिवाणूंना, शेवाळाला, माशांना मारक.

भाची : पन्नासपट हा आकडा डिस्टिल्ड वॉटरचा आहे. नदीनाल्याच्या पाण्यात क्लोराइड असतं. ते चांदीला धरतं आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो. मोकळी चांदी कमी उरते.

मामा : अन् तुझ्या पिवळ्या कणावर पांढरं साल चढतं! मग काम कोण करणार, आतला पिवळा की वरचा पांढरा?

भाची : त्या सालीचाच उपयोग करून घेतलाय लोकांनी. सिल्व्हर फॉस्फेटच्या कणावर मुद्दाम सिल्व्हर ब्रोमाइडचं कवच चढवलं की विरघळणं कमी होतं, शिवाय इलेक्ट्रॉन आणि पोकळी वेगवेगळ्या थरांत जातात. कुणी ग्राफीन ऑक्साइडवर कण बसवतात, म्हणजे उठलेल्या इलेक्ट्रॉनला चांदीऐवजी दुसरी वाट मिळते. कारण विरघळण्यापेक्षाही मोठं दुखणं आहे प्रकाशाने होणारी झीज. बाहेर इलेक्ट्रॉन घेणारा कुणी नसेल, तर स्फटिकातलीच चांदी तो घेते. पिवळी पूड आधी हिरवट-राखाडी दिसते, मग काळी पडते. चार-पाच वेळा वापरली की आधीचा जोर राहत नाही.

मामा : हे तूच बोललीस म्हणून बरं झालं.

भाची : दुखणं कळलं की इलाज शोधता येतो. २०११ मध्ये यिंगपू बी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कणाचा आकारही कामाचा असतो. सिल्व्हर ॲसिटेटमधून केलेले बारा समभुज पृष्ठांचे कण चौकोनी कणांपेक्षा जास्त काम करतात. रसायन तेच, बाहेर उघडा पडलेला पृष्ठभाग वेगळा. आणि चौकोनी कण कसे केले माहीत आहे? तुमच्याच अमोनियाने.

मामा : थांब, इथे मला बोलू दे, साका पाडण्यात माझी हयात गेली. वरवर सोपं दिसतं, दोन द्रावणं मिसळायची. एक ग्रॅम सिल्व्हर फॉस्फेट पाहिजे तर सिल्व्हर नायट्रेट घ्यायचं सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, अन् निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ०.३४ ग्रॅम. पाणी डिस्टिल्डच पाहिजे. बोअरचं घेतलं तर क्लोराइडमुळे आधी पांढरा धूर दिसतो आणि पिवळा रंग मळकट होतो. पण खरी मेख पुढे. हायड्रोजन फॉस्फेटमधला हायड्रोजन मोकळा होऊन नायट्रिक आम्ल तयार होतं. तेच आम्ल साक्याला परत विरघळवतं, म्हणून उत्पादन कमी पडतं. त्यावर उपाय म्हणून कुणी ट्रायसोडियम फॉस्फेट धबाधबा ओतलं, तर द्रावण फार अल्कधर्मी होऊन तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड मिसळतं. पीएच सातच्या जवळ राखायचा, थेंब थेंब टाकायचं, ढवळत राहायचं, धुऊन काळोखात वाळवायचं.

भाची : आणि अमोनिया?

मामा : अमोनिया चांदीला धरून ठेवतो. मोकळी चांदी थोडीच उरते, साका सावकाश वाढतो अन् स्फटिक नीटस होतात. १९६१ मध्ये फर्शिंग नावाच्या रसायनज्ञाने याचीच रीत बसवली : चांदी, अमोनिया आणि फॉस्फेट एकाच द्रावणात ठेवायचे आणि मंद ऊब द्यायची. अमोनिया उडून जातो तसा पीएच उतरतो अन् पिवळे स्फटिक आपोआप वाढू लागतात. एक सांगून ठेवतो, ते अमोनियाचं द्रावण उद्यासाठी म्हणून बाटलीत ठेवायचं नाही. साठवलं तर स्फोटक पदार्थ तयार होतो. काम झालं की लगेच आम्ल घालून मोडायचं.

भाची : म्हणजे माझे चौकोनी कण आणि तुमचे नीटस स्फटिक एकाच युक्तीचे. मग भांडण कशाचं?

मामा : स्फटिक झाल्यावर त्याच्याकडून काय करून घ्यायचं, त्याचं. तू म्हणतेस याला उन्हात राबवा. मी म्हणतो, याला साक्षीला उभं करा. आपल्याच भागातली गोष्ट सांगतो. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, २०१६ मध्ये त्याचे चार तुकडे होण्याआधीच्या, मालेरी नावाचं गाव आहे. तिथल्या लाल मातीला भूवैज्ञानिक मालेरी थर म्हणतात. ट्रायासिक काळाच्या शेवटाकडचा, वीस कोटी वर्षांहून जुना. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे, ते या भागातले जीवाश्म जमवत. १८५९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टॉमस ओल्डहॅम यांनी मालेरीच्या फुप्फुसमाशांच्या दातांवर लेख लिहिला आणि एका जातीला हिस्लॉपचं नाव दिलं. पुढे लिडेकर या जीवाश्मतज्ज्ञाने मगरीसारख्या लांब जबड्याच्या प्राण्याला ‘पॅरासुकस हिस्लॉपी’ म्हटलं. मालेरी थराच्या वरच्या, जुरासिक काळातल्या कोटा थरात यामनपल्लीजवळ डायनासोरची हाडं मिळाली. १९८८ मध्ये यादगिरी यांनी त्याचं नाव ठेवलं ‘कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस’. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे.

भाची : मी पाहिलाय. पण त्यात चांदी कुठे आली?

मामा : दात आणि हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. प्राणी जिवंत असताना त्याच्या शरीरातली एन्झाइमं फॉस्फेटमधला ऑक्सिजन शरीरातल्या पाण्याच्या ऑक्सिजनशी सतत अदलाबदल करत असतात. त्यात हलका ऑक्सिजन-१६ किती आणि जड ऑक्सिजन-१८ किती, हे दोन गोष्टींवर ठरतं : पाणी कसलं होतं आणि तापमान काय होतं. दात तयार झाला की दार बंद. फॉस्फरस-ऑक्सिजनचा बंध इतका चिवट, की एन्झाइमांची मदत नसेल तर साध्या तापमानाला तो पाण्याला दाद देत नाही. जड ऑक्सिजनचं प्रमाण हजारात एकाने बदललं, तर तापमानात साधारण साडेचार अंशांचा फरक धरतात.

भाची : आणि तो ऑक्सिजन मोजण्यासाठी फॉस्फेट एकटं काढायचं...

मामा : चांदीशी लग्न लावून! दाताच्या इनॅमलची पूड आम्लात विरघळवायची, कॅल्शियम बाजूला काढायचं, अन् फॉस्फेट चांदीबरोबर पाडायचं. आधी बिस्मथ फॉस्फेट वापरत, पण ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे ज्याचा ऑक्सिजन मोजायचा त्यात परका ऑक्सिजन घुसतो. सिल्व्हर फॉस्फेट हवेतलं पाणी धरत नाही. आणि चांदीला स्वतःचा ऑक्सिजन नाही, त्यामुळे साक्यातला सगळा ऑक्सिजन दाताचाच. १४५० अंशांच्या भट्टीत कार्बनबरोबर तापवला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर जड-हलका मोजतो. खर्च बघ : दहा मिलिग्रॅम इनॅमलमधून फार तर पंचवीस मिलिग्रॅम साका, त्यात चांदी १९ मिलिग्रॅम, अन् एका मोजणीला अर्धा मिलिग्रॅम साकाही पुरतो. तुझे ४३० ग्रॅम कुठे, माझे १९ मिलिग्रॅम कुठे!

भाची : वजनाची तुलना बरोबर नाही, मामा. तुम्हाला उत्तर मिळवायचंय, मला पाणी साफ करायचंय. पण तुमची साक्षही तपासूया ना. १९९४ मध्ये बॅरिक आणि शॉवर्स यांनी टी-रेक्सच्या हाडांतल्या फॉस्फेटवरून म्हटलं, की त्याच्या शरीराचं तापमान जवळपास स्थिर होतं. दोनच वर्षांत कोलोडनी आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, की हाड जमिनीत गेल्यावर त्याचं खनिज पुन्हा घडतं आणि जिवाणूंची एन्झाइमं ऑक्सिजन बदलून टाकतात. मग ते तापमान प्राण्याचं की मातीतल्या पाण्याचं? तुमचा साका शंभर टक्के शुद्ध असेल, पण साक्षीदारालाच कुणी पढवलं असेल तर?

मामा : म्हणूनच हाडापेक्षा इनॅमल बरं. ते दाट असतं, त्याचे स्फटिक मोठे असतात, पाणी सहज शिरत नाही.

भाची : तरी दुसरी अडचण राहतेच. समीकरण एक, अज्ञात दोन. तापमान काढायचं तर त्या काळचं पाणी कसलं होतं ते आधी गृहीत धरावं लागतं.

मामा : त्यासाठीच मालेरीसारखी जागा मोलाची आहे. एकाच थरात मासे, मगरीसारखे पाण्यातले शिकारी आणि जमिनीवरचे ऱ्हिंकोसॉर. मासा पाण्याच्याच तापमानाचा. एकाच ठिकाणच्या वेगवेगळ्या प्राण्यांचे आकडे शेजारी ठेवले, तर कुणाचं शरीर भोवतालाप्रमाणे तापत-निवत होतं आणि कुणाचं नाही, याचा अंदाज बांधता येतो. नुसता एक आकडा घेऊन नाचू नये, हे मला मान्य.

भाची : मान्य आहे तर सांगा, वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मगरीला ताप होता की नाही यावर यंत्रं चालवायची, आणि आजच्या नदीचं काय?

मामा : याच साक्याने आजच्या नदीचंही सांगता येतं. कापसाला डीएपी खत देतात, त्यातलं फॉस्फेट पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. गावचं सांडपाणीही उतरतं. पाण्यातलं फॉस्फेट वेगळं करून सिल्व्हर फॉस्फेट पाडलं आणि त्याचा ऑक्सिजन मोजला, तर ते खताचं की सांडपाण्याचं याचा माग लावता येतो. परदेशांतल्या नद्यांवर, खाड्यांवर ही कामं झाली आहेत.

भाची : पण पाण्यातले जिवाणू ते फॉस्फेट खाऊन-टाकून त्याचा ऑक्सिजन बदलतात. शिवाय खत आणि सांडपाणी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात.

मामा : बदलतात खरं. मग ते फॉस्फेट जिवाणूंच्या तावडीतून किती फिरलंय, हे तरी कळतं. तेही नदीबद्दलचंच ज्ञान.

भाची : बरं, आता माझी पाळी. तुम्ही उजेडाने काळं पडण्याला दुखणं म्हणता...

मामा : दुखणं हा शब्द तूच काढलास.

भाची : काढला, पण ते नेहमीच दुखणं नसतं. १८३९ मध्ये एडिंबराचे डॉ. अँड्र्यू फाइफ याच सिल्व्हर फॉस्फेटच्या कागदावर उजेडाची चित्रं उमटवत होते. आणि १९०१ मध्ये फॉन कोसा यांनी ऊतींच्या कापावर सिल्व्हर नायट्रेट टाकून उजेडात धरण्याची रीत सांगितली. जिथे कॅल्शियम फॉस्फेट साचलंय तिथे चांदी फॉस्फेटला धरते आणि काळी पडते. प्रयोगशाळेत नवी हाडं वाढवणारे आजही हीच तपासणी करतात. इथे काळं पडणं हीच साक्ष आहे. ज्या गुणाला मी दुखणं म्हटलं, तो इथे पंचासारखा बसलाय.

मामा : आणि मी ज्या फॉस्फेटच्या चिवटपणाला साक्षीदार म्हणतो, तो तुझ्या उन्हाच्या कामातही आहेच. पूड काळी पडते ती चांदीमुळे. चांदी इलेक्ट्रॉनसाठी हात पसरते, फॉस्फेट जागचं हलत नाही.

भाची : म्हणजे आपलं भांडण एका पदार्थाबद्दल नाहीच. मी चांदीच्या बाजूने बोलते, तुम्ही फॉस्फेटच्या.

मामा : तसं म्हणून तू सुटू नकोस. फॉस्फेट मोजण्याच्या कामात चांदी साका पाडण्यापुरतीच लागते, आणि साक्यातली चांदी भट्टीत धातू होऊन मागे उरते. तुझ्या कामात ती झिजते आणि पाण्यासोबत निघून जाते. हा फरक चांदी-फॉस्फेट म्हणून मिटत नाही.

भाची : नाही मिटत. म्हणून माझं मत बदललं तर एवढंच बदललं : या पुडीने रंग किती मिनिटांत गेला याचा आलेख एकटा छापू नये. शेजारी दुसरा आकडा हवाच, तेवढ्या वेळात लीटरमागे चांदी किती विरघळली. आणि तोही साध्या, क्लोराइड असलेल्या पाण्यातला. तो आकडा ०.१ च्या खाली आणता आला, तरच सोलापूर-इचलकरंजीचं नाव घेईन. तोवर ही पूड माझ्यासाठी शिकण्याचा नमुना आहे. इतक्या जोरदार पोकळ्या कशा तयार होतात ते समजलं, तर तीच गोष्ट स्वस्त, न विरघळणाऱ्या पदार्थात करता येईल.

मामा : आता रास्त बोललीस. मी कॉलेजच्या पोरांपुढे दातांचं आम्लकाम करणार नाही. त्याला लागणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत जाळत जातं, ते जाणत्याच्या हातात अन् नीट हुड असलेल्या लॅबमध्येच पाहिजे. पण एक ग्रॅम साका पाडून तो दोन बशांत वाटून घेता येईल. एक कपाटात, एक उन्हात. उन्हातली बशी काळी का पडली ते चांदी सांगेल. दोन्ही बशांतलं फॉस्फेट तेच राहिलं हे कसं सिद्ध कराल, ते पोरांनी सांगायचं.

भाची : दोन्ही नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट टाकायचं, दोन्हीकडे पिवळा रंग यायला हवा. आणि शेवटी सगळी चांदी मीठ घालून क्लोराइड म्हणून परत गोळा करायची, बेसिनमध्ये एक थेंब नाही.

मामा : हे वहीत आधी लिहायचं, निरीक्षणाच्याही वर.

भाची : तुमच्या जीवाश्मांच्या टिपणातही एक ओळ वर घ्या मग. तापमान लिहिताना पाणी कसलं गृहीत धरलं ते त्याच वाक्यात सांगायचं, तळटीप नाही. माझी चांदी उघड्यावर येणार असेल, तर तुमचं पाणीही आलं पाहिजे.